तिसऱ्या रविवारची चिठ्ठी

वायरमनने अठरा वर्षांत पाळकसाहेबांना एकदाच 'नाही' म्हटलं, तेही मान खाली घालून, तोंडातल्या तोंडात. पण ज्याला 'होय' ऐकायचीच सवय लागलीय त्याला तेवढंही झोंबतं. चांगलंच झोंबलं.

त्याचं असं झालं. त्या ख्रिस्ती मंडळीची उपासना भरायची एका जुन्या गोदामात. चारशे माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा, पण वायरिंग बारा दिवे आणि दोन पंख्यांची. त्याच वायरिंगवर मंडळीने वर्षावर्षाला पंखे चढवले, माईक चढवले, कूलर चढवले, भिंतभर पडदा चढवला. दर वेळी वायरमन शिडीवर जाऊन काहीतरी जुगाड करायचा आणि वेळ निभावून न्यायचा. आता पाळकसाहेबांनी मोठा मेळावा ठरवला होता. चाळीस मोठे दिवे, पुरुषभर उंचीचे स्पीकर, बाहेरगावचे पाहुणे. परवान्याच्या अर्जाला लायसन्सवाल्या वायरमनचा दाखला लागतो, की वायरिंग तपासली आहे, लोड झेपेल. वायरमनने बोर्ड उघडला. मेन स्विचखालचे स्क्रू काळे पडले होते आणि केबलचं आवरण नुसतं दाबलं तरी बोटाला भुगा लागत होता.

"पाळकसाहेब, हे नाही झेपणार," तो म्हणाला. "केबल बदलायला हवी. दोन रविवार हॉल बंद ठेवा, मी स्वतः उभा राहून करून देतो."

"दोन रविवार देवाचं घर बंद?" पाळकसाहेब हसले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, इतकी वर्षं कुणी सांभाळलं हे घर? तुमच्या पकडीने?"

आता याला काय उत्तर द्यायचं? खरं उत्तर होतं, हो, माझ्याच पकडीने. पण असलं उत्तर देणारा माणूस अठरा वर्षं त्या मंडळीत टिकलाच नसता.

या मंडळीत एक शब्द उठताबसता वापरला जायचा. अधीन. देवाच्या अधीन, म्हणजे देवाच्या सेवकाच्या अधीन, म्हणजे पाळकसाहेबांच्या. स्कूटर घ्यायची तरी आधी त्यांना विचारायचं. पोराला कुठल्या शाळेत घालायचं, म्हाताऱ्या सासूला कुणी सांभाळायचं, गावाला किती दिवस जायचं, सगळं विचारायचं. आणि माणसं काही खुळी नव्हती हो. वायरमनचे वडील गेले तेव्हा पाळकसाहेब सलग चार दिवस हॉस्पिटलात येऊन बसले होते. सख्खा भाऊ आला नाही, ते आले. म्हाताऱ्याच्या पायांना तेल लावलं त्यांनी. असा माणूस नंतर काही सांगतो तेव्हा जीभ उलट वळत नाही. आधी प्रेमाने 'होय' म्हणतो आपण, मग लाजेने, मग भीतीने, आणि कुठलं 'होय' कुठलं होतं ते पुढे आपल्यालाच सांगता येत नाही.

तीन दिवसांनी पाळकसाहेबांनी त्याला ऑफिसात बोलावलं. टेबलावर अर्ज होता, अर्जावर पेन होतं. शेजारच्या खुर्चीत बेकरीवाला बसला होता. बेकरीवाला म्हणजे मंडळीच्या अकरा पंचांतला एक, वायरमनही त्यातलाच. शिवाय बेकरीवाल्याच्या मुलाशी वायरमनच्या लेकीचं लग्न ठरलेलं, तेव्हा तो होणारा व्याही. व्याहीबुवा छताकडे बघत होते.

"सही करा," पाळकसाहेब म्हणाले.

"साहेब, बोर्ड तापतो. मी खोटं कसं लिहू?"

"सही देणारे बाजारात छप्पन्न मिळतील, भाऊ. मला तुमचीच हवी. मी तुम्हाला वायरिंगबद्दल विचारतच नाहीये. मी तुमच्या मनाबद्दल विचारतोय." आवाज अगदी लोण्यासारखा मऊ. "पंचच अधीन राहिला नाही तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं? येत्या रविवारी तुमच्या लेकीची तिसरी चिठ्ठी आहे ना?"

चिठ्ठी म्हणजे लग्नाची जाहीर सूचना. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, यांचं लग्न ठरलं आहे, कुणाची हरकत असल्यास सांगावी. तीन रविवार ती भर उपासनेत वाचतात, तिसरी वाचून झाली की मगच लग्न. दोन वाचून झाल्या होत्या.

"शिस्तीखालच्या घराची चिठ्ठी आपण वाचत नाही," पाळकसाहेब म्हणाले. "नियम तुम्हाला पाठ असेल. तुमच्याच अक्षरातला आहे."

वायरमनच्या कानशिलांत रक्त चढलं. नियम त्याच्याच अक्षरातला होता. बारा वर्षांपूर्वी पंचांच्या बैठकीत पाळकसाहेबांनी सांगितला, त्याने वहीत उतरवला आणि सगळ्यांआधी हात वर केला. वर त्या दिवशी आपलं अक्षर किती सुरेख आलंय म्हणून खूशसुद्धा झाला होता. गाढव!

तो उठला. पेनला हात न लावता उठला, एवढंच त्याचं शौर्य. जिन्यावर बेकरीवाल्याने त्याला गाठलं.

"व्याही, कशाला ताणता? करा ना सही. मीसुद्धा कितीदा मनाविरुद्ध केलंय."

"तुमच्या भट्टीला तडा गेला असता आणि पाळकसाहेब पेटवा म्हणाले असते, तर पेटवली असती?"

बेकरीवाल्याने खरंच विचार केला. "विचारलं असतं त्यांना पुन्हा एकदा," तो म्हणाला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि भांडी अशी आदळली की शेजारची खिडकी उघडली.

"अहो, एक सही! हात झिजतो का तुमचा? पत्रिका वाटून झाल्या. माझी बहीण तिकीट काढून बसलीय. तुम्हाला आत्ताच कुठून ताठ कणा फुटला?"

"बोर्ड पेटला तर?"

"इतकी वर्षं पेटला नाही तो!"

लेक कोपऱ्यात बसून बालवर्गाच्या मुलांसाठी रंगीत कागदाचे मासे कापत होती. आठवडाभर ती बालवाडीत शिकवायची आणि रविवारी मंडळीतली पोरं सांभाळायची. तिचा आवाज खणखणीत, चाळीस पोरांच्या गोंधळातून आरपार जाणारा. आत्ता मात्र ती हळूच बोलली.

"बाबा, मी तुम्हाला सही करा म्हणणार नाही. करू नका असंही म्हणणार नाही. पण मला ती चिठ्ठी हवीय. पाच वर्षांची असल्यापासून दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या ऐकतेय. एकदा माझं नाव तिसऱ्यांदा वाचतील आणि सगळे मागे वळून माझ्याकडे बघतील, एवढंच हवंय मला. जास्त आहे का हे?"

जास्त नव्हतं. म्हणूनच वायरमनला त्या माणसाचा इतका संताप आला. पोरीच्या एवढ्याशा हौसेला त्याने नेमकं चिमटीत धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरून सुटल्यावर त्याचे पाय शिंपीणबाईंच्या दुकानाकडे वळले. शिंपीणबाई पूर्वी मंडळीत होत्या. तो बारा वर्षांपूर्वीचा नियम झाला तो त्यांच्यासाठीच. पाळकसाहेबांनी मुलाला एक स्थळ सुचवलं होतं, बाईंनी परस्पर दुसरं ठरवलं, विचारलं नाही. झालं, घर शिस्तीखाली, म्हणजे वाळीत. मुलाची चिठ्ठी वाचली गेली नाही. त्यानंतर रस्त्यात बाई दिसल्या की मंडळीतले लोक दुकानांच्या पाट्या वाचायला लागायचे. वायरमननेही पुष्कळ पाट्या वाचल्या होत्या.

बाई इस्त्री करत होत्या. त्याने दारातच उभं राहून सगळं सांगितलं, एका दमात. त्यांनी इस्त्री थांबवली नाही.

"तुझ्या पोरीचं वाईट वाटतं मला," त्या म्हणाल्या. "तुझं नाही."

"मी माफी मागायला आलो, ताई."

"माहितीय. पोळलं की येतात." त्यांनी शर्टाची बाही उलटी केली. "पाळकावर मी दोन वर्षं राग धरला, मग सोडला. तो तसाच होता रे, पहिल्यापासून. पण त्याचा एकट्याचा हात वर झाला असता तर माझ्या पोराचं काय बिघडलं असतं? अकरा हात वर झाले. त्यात तुझा होता, आणि माझ्या हातचा शर्ट होता तुझ्या अंगात. तो राग नाही गेला. आणि तू एका दुपारी येऊन तो घेऊन जाशील असं समजू नकोस. जा आता, मला गिऱ्हाईक आहे."

गिऱ्हाईक कुणी नव्हतं. तो गेला.

रविवार आला. वायरमनने सही केली नव्हती, तरी त्याला आतून वाटत होतं की माणूस शेवटी विरघळेल. वडिलांच्या पायांना तेल लावणारा माणूस तो! लेकीने नवा पोशाख घातला होता.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि वायरमन जागीच थांबला. मेळावा पुढच्या रविवारी, पण चाळीसच्या चाळीस दिवे आजच लटकवले होते आणि सगळे चालू. कूलर चालू, मोठे स्पीकर चालू. कुणीतरी छप्पन्नांतला एक सापडला होता तर. काळ्या पडद्यांनी झाकलेला तो हॉल असा लखलखत होता की म्हाताऱ्यांनी डोळ्यांवर हात धरले होते. पाळकसाहेब मंचावर उभे, चेहरा उजळलेला. वायरमन नेहमीप्रमाणे मागे, मीटरच्या खोलीच्या दाराशी बसला. गाणी झाली. उपदेश झाला, विषय अर्थातच अधीनता. मग चिठ्ठ्या.

एका घरची वाचली. दुसऱ्या घरची वाचली. मग पाळकसाहेबांनी कागदाची घडी घातली.

"आज एक चिठ्ठी मी वाचणार नाही," ते म्हणाले. "मला फार दुःख आहे. आपला वायरमन भाऊ बंडाच्या वाटेवर आहे. बाप अधीन नाही, म्हणून घराचा आशीर्वाद थांबला. त्या निष्पाप मुलीसाठी माझं काळीज तुटतं. चला, डोकी लववा. आपण त्याच्यासाठी प्रार्थना करू."

चारशे डोकी खाली गेली. बेकरीवाल्याचं गेलं, त्याच्या मुलाचं गेलं. वायरमनच्या बायकोचंही गेलं. लेकीचं डोकं तेवढं वर होतं. पाठ ताठ, मान लालबुंद, आणि ती समोर त्या घडी घातलेल्या कागदाकडे बघत होती.

अरे, माणूस आहेस का कोण! पोरीला पिळायचं, वर तिच्यासाठी रडून दाखवायचं, आणि चारशे लोकांना आमेन म्हणायला लावायचं! वायरमनच्या मुठी आपोआप वळल्या. आणि तेवढ्यात त्याला वास आला. तीस वर्षं ज्या वासाच्या धाकात त्याने काम केलं तो वास, तापून वितळणाऱ्या आवरणाचा, गोडूस आणि घशात बसणारा.

तो मीटरच्या खोलीत शिरला. बोर्ड गुणगुणत होता. झाकणाच्या फटीतून धुराची बारीक रेघ वर चालली होती. त्याने अंगातला कोट काढून हाताला गुंडाळला आणि मेन स्विच खाली ओढला.

एकदम अंधार. पंखे घरघरत थांबले. आणि पाळकसाहेबांचा तो हॉलभर घुमणारा आवाज मध्येच तुटला. पुढे जो ऐकू आला तो भलताच होता, बारीक, सर्दी झाल्यासारखा, चौथ्या बाकापर्यंत जेमतेम पोचणारा.

"काय झालं? कुणी केलं?"

"मी केलं!" वायरमन दारातून ओरडला. त्याने बाहेरचं दार उघडलं, उजेडाचा पट्टा बाकांवर पडला. "बोर्ड जळतोय. धूर निघतोय. उठा सगळे, बाहेर चला!"

कुणीही हललं नाही.

आधी त्याला कळेचना. मग कळलं. त्या मंडळीत पाळकसाहेब 'आमेन' म्हणेपर्यंत कुणी डोकं उचलत नसे. पोरांना तसंच वळण, म्हाताऱ्यांना तसंच वळण. एकदा एका बाईला प्रार्थनेत चक्कर आली तर तीही खालच्या मानेनेच पडली होती. आणि आमेन अजून झालं नव्हतं. चारशे माणसं मान खाली घालून, नाकाशी वास येत असताना, डोळे मिटून बसली होती.

"अहो उठा ना! कानात बोळे घातलेत का?"

"कुणीही उठायचं नाही," पाळकसाहेब म्हणाले. त्यांचा हात अजून वरच होता. "माझी प्रार्थना संपलेली नाही. ही परीक्षा आहे."

वायरमन बायकोच्या बाकाशी धावला आणि त्याने तिचा दंड धरून ओढला. तिचे गाल ओले होते, पण तिने डोळे उघडले नाहीत. "आमेन होऊ दे," ती पुटपुटली. "अहो, आमेन तेवढं होऊ दे." तेव्हा तो रडला. रागाने रडला. कारण ती त्याचंच ऐकून अशी झाली होती. लग्न करून आली तेव्हा फाडफाड बोलणारी पोरगी होती, आणि अठरा वर्षांपूर्वी त्यानेच हाताला धरून तिला इथे आणून बसवलं होतं.

"आमेन!"

खणखणीत आवाज. चाळीस पोरांच्या गोंधळातून आरपार जाणारा. लेक बाकावर उभी राहिली होती, नव्या पोशाखात, हाताच्या मुठी करून.

"आमेन!" ती पुन्हा ओरडली, आणि डाव्या कोपऱ्यातल्या बालवर्गाच्या पोरांनी, ताई म्हणते ते आपण म्हणायचं एवढंच ठाऊक असलेल्या त्या पोरांनी, एका सुरात बेंबीच्या देठापासून उत्तर दिलं. "आऽमेन!"

झालं. डोकी वर आली. एकदम, सगळी, किल्ली दिल्यासारखी. मग बाकं सरकली, कुणी खोकलं, कुणी "अगं बाई, धूर!" म्हणालं, आणि जे दोन मिनिटं दगड झाले होते ते एकमेकांना ढकलत दाराकडे सुटले. लेकीने पोरांची साखळी करून त्यांना आधी काढलं. पाळकसाहेब मंचावरून ओरडत होते, पण त्या बारीक आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही.

बाहेर उन्हात सगळे उभे राहिले. वायरमनने वीज कार्यालयाला फोन लावून खांबावरूनच लाईन तोडायला सांगितलं, आणि तक्रार कुणाच्या नावाने लिहायची विचारल्यावर आपलं नाव आणि लायसन्सचा नंबर दिला. बायको पायरीवर बसून पदराने तोंड पुसत होती.

सगळ्यात शेवटी बेकरीवाला बाहेर आला, हातावर फुंकर मारत. मीटरच्या खोलीत डोकावला होता आणि पत्र्याच्या झाकणाला हात लावून बघितला होता म्हणे. रोज भट्टीतले ट्रे ओढणारा तो हात, पण तळव्यावर लालभडक चट्टा उठला होता.

"व्याही," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुमचं खरं होतं."

"मग चिठ्ठीचं काय?" वायरमनने विचारलं.

बेकरीवाल्याने हॉलच्या दाराकडे बघितलं. आतल्या काळोखात मंचावर कुणीतरी उभं होतं. भाजलेला हात त्याने दुसऱ्या हाताने धरला होता.

"बघू," तो म्हणाला. "मी पाळकसाहेबांना विचारतो."

वायरमनने त्या चट्ट्याकडे बघितलं, मग व्याह्याच्या तोंडाकडे. लेक मात्र बेकरीवाल्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या मागे उभ्या असलेल्या मुलाकडे बघत होती, ज्याच्याशी बारा दिवसांनी तिचं लग्न होतं.

"आणि तू?" तिने विचारलं. "तू कुणाला विचारणार?"

मुलगा चांगला होता, मनाचा वाईट नव्हता. त्याने आधी तिच्याकडे बघितलं. मग त्याची नजर बापाकडे गेली आणि बापाच्या मागोमाग दाराकडे गेली.

लेकीने पाय आपटला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज संतापाने फाटला होता, पण ती बोलली ती मुलाशी नाही, बापाशी बोलली.

"बघितलंत, बाबा? तुम्ही अठरा वर्षं काढलीत. मी पन्नास काढणार होते."

वायरमनने मान खाली घातली. मग काहीतरी आठवल्यासारखी ती चटकन वर उचलली आणि पोरीकडे नीट बघितलं.